मांडवगडची सहल आणि मुक्कामाचा प्रश्न

सुगी आटोपून हाती चार पैसे आले आणि मुलांच्या शाळांना सुट्टी लागली, की आमच्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांतूनही आताशा सहलीच्या गोष्टी निघू लागतात. पूर्वी आमची सहल म्हणजे सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा, आणि फार झाले तर आयुष्यातून एकदा गोव्यास जाऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र देहाचे दर्शन. आता मुलांच्या तोंडी मोठमोठ्या क्रीडा-उद्यानांची नावे असतात. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उघडले व २०२२ साली बंद पडले; खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका निघाली. अशा उद्यानांच्या अगदी दारात त्यांचे स्वतःचे हॉटेल असते, तेथे राहिले तर पैसे जास्त, चार कोस दूर राहिले तर कमी, हा सरळ हिशेब घरातील कर्त्या माणसास चटकन उमगतो.

तथापि ज्या ठिकाणी हा हिशेब इतका सरळ नाही, अशा एका सहलीविषयी आम्ही आज लिहिणार आहोत. माळव्यातील मांडवगड हे एका अर्थाने आपल्या देशातील फार जुने क्रीडा-उद्यानच होय. माळव्याच्या सुलतानांनी त्याला नावच मुळी शादियाबाद, म्हणजे आनंदाची नगरी, असे दिले होते. दोन तलावांच्या मधोमध सुमारे १२० मीटर लांबीचा जहाज महाल उभा आहे, आणि पावसाळ्यात दोन्ही तलाव भरले म्हणजे तो खरोखरच पाण्यावर तरंगणाऱ्या गलबतासारखा भासतो. शेजारीच तिरप्या भिंतींचा हिंडोला महाल आहे; त्या भिंती झोक्यावर बसल्याप्रमाणे कलत्या दिसतात म्हणून ते नाव. मुलांना तेथे धावण्यास जागा भरपूर, जिने-गच्च्या भरपूर, आणि पंधरा वर्षांखालील मुलांस पुरातत्त्व खात्याचे तिकीटही लागत नाही. खेड्यातील कुटुंबाला परवडणारी अशी मौज दुसरीकडे क्वचितच मिळेल.

प्रश्न उरतो तो राहण्याचा. मांडवगड धार जिल्ह्यात आहे. धार शहरापासून तो सुमारे ३५ किलोमीटर व इंदूरपासून सुमारे ९५ किलोमीटर पडतो. गडावर राहावे, धारला राहावे, की इंदूरला बिऱ्हाड ठेवून रोज ये-जा करावी? आणि ज्यांना त्याच फेरीत देवास जिल्ह्यातील उदयनगरास धन्यवादित राणी मारिया यांच्या कबरीचे दर्शन घ्यावयाचे आहे, त्यांनी काय करावे? आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा दुसरा हेतूच मुख्य असतो. मांडवगड हा मुलांसाठी, उदयनगर हे आजीसाठी. तेव्हा दोघांचाही विचार एकत्रच केला पाहिजे.

मांडवगडावर मुक्कामाची अडचण पडलेला प्रवासी काही आजचा नव्हे. १६१७ साली बादशहा जहांगीर मांडवगडावर येऊन सात-साडेसात महिने राहिला. त्याच्यासाठी जुन्या राजवाड्यांची डागडुजी अगोदरच करून ठेवली होती, त्यामुळे त्याला चिंता नव्हती. पण त्याच्या दरबारात इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो हा होता, आणि त्याला मात्र आपली सोय आपणच पाहावी लागली. गड त्या काळी बहुतांशी ओसाड झालेला होता. रोच्या नोकरांनी पुढे जाऊन एक तटबंदीचे आवार ताब्यात घेतले, त्यात एक मशीद व एक थडगे होते. जागा उत्तम होती, परंतु बादशहाच्या निवासापासून दोन मैल दूर. शिवाय जवळ पाणी नाही. इतका मोठा लवाजमा गडावर चढल्यावर पाण्यासाठी हाहाकार उडाला, आणि एका सरदाराच्या ताब्यातील पाण्यातून रोजचा ठरावीक वाटा मागून घेऊन या राजदूताला आपले दिवस काढावे लागले. भरीस भर म्हणून एके रात्री रानातले हिंस्र जनावर आवारात शिरले व त्याने रोचे एक लहानसे पांढरे कुत्रेही मारले. त्याच वर्षी नूरजहान बेगमेने सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याची नोंद खुद्द जहांगीराने केलेली आहे, यावरून त्या रानाची कल्पना यावी. आज वाघाची भीती नाही. पण अंतर, पाणी आणि रात्रीचा काळोख या तीन गोष्टी मुक्काम ठरविताना आजही पाहाव्या लागतात.

अंतराची गोष्ट प्रथम घेऊ, कारण पुष्कळांची फसगत तेथेच होते. इंदूर मोठे शहर, तेथे दर प्रकारच्या खोल्या मिळतात, स्वस्तही मिळतात. म्हणून लोक इंदूरला उतरतात आणि भाड्याच्या मोटारीने मांडवगड गाठतात. एक दिवसाचा बेत असेल तर ठीक. परंतु जाऊन-येऊन १९० किलोमीटर होतात, आणि अडीच-अडीच तास धरले तर दिवसातील पाच तास मोटारीत जातात. दोन दिवस गड पाहावयाचा म्हटला तर ३८० किलोमीटरचे भाडे अंगावर बसते, आणि खोलीत वाचविलेले पैसे मोटारवाल्याच्या खिशात जातात. लहान मुलांना मोटार लागते हे निराळेच. धारला राहिल्यास तोच फेरा ७० किलोमीटरचा होतो आणि प्रत्येक वेळी तासाभरात गड गाठता येतो. म्हणजे धार हा मधला मार्ग झाला.

तरीसुद्धा ज्या कुटुंबाला थोडे अधिक पैसे सोसतील त्याने निदान एक रात्र तरी गडावरच काढावी असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण असे, की मांडवगड उन्हाच्या भर दुपारी पाहण्याचे स्थळ नाही. दक्षिण टोकावर रूपमतीचा मंडप आहे. तेथून गडाचा कडा एकदम तुटतो आणि खाली निमाडचे मैदान पसरलेले दिसते; हवा स्वच्छ असली तर दूरवर नर्मदेची रेघही दिसते. बाजबहादूराची राणी रूपमती नर्मदेच्या दर्शनासाठी येथे येत असे अशी कथा सांगतात. हा मंडप पाहावयाचा तो सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास. धारला राहणारा मनुष्य नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर असतो. सकाळी तो पोहोचतो तेव्हा ऊन चढलेले असते, आणि संध्याकाळी, रंग भरण्याच्या वेळेस, काळोखात घाटाचा रस्ता नको म्हणून त्याला निघावे लागते.

गडावर मध्य प्रदेश पर्यटन विभागाची दोन निवासस्थाने आहेत, मालवा रिसॉर्ट व मालवा रिट्रीट. त्यांपैकी रिसॉर्ट सागर तलावाच्या काठी आहे. याखेरीज खाजगी हॉटेले व लहान खोल्याही आहेत. गाव लहान आहे. जामी मशीद आणि होशंगशहाची संगमरवरी कबर ही भर चौकातच आहेत, जहाज महाल तेथून पायी जाण्याजोगा आहे, आणि रूपमतीचा मंडप मात्र पाच-सहा किलोमीटर पडतो. गावात सायकली भाड्याने मिळतात. ज्यांची मुले बारा-चौदा वर्षांची आहेत त्यांनी सायकली घ्याव्यात. वाटेत जाड बुंध्याची, जणू मुळे वर करून उभी असलेली खुरासानी चिंचेची झाडे लागतात, आफ्रिकेतून आलेली ही झाडे मुलांना फार आवडतात व तिचे आंबट फळ चौकात विकत मिळते. आजी-आजोबा बरोबर असले तर रिक्षा किंवा मोटार ठरवावी, आणि खोली घेताना ती तळमजल्यावर आहे की जिना चढावा लागतो एवढे अवश्य विचारावे. पायऱ्यांचा गड दिवसभर पाहून आल्यावर रात्री पुन्हा जिना चढावयाचा, ही शिक्षा म्हाताऱ्या गुडघ्यांना देऊ नये.

ऋतूचाही मुक्कामाशी जवळचा संबंध आहे. पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टमध्ये, मांडवगडचे सौंदर्य सर्वांत अधिक, आणि म्हणूनच शनिवार-रविवारी इंदूरकरांची झुंबड उडते. त्या दोन दिवशी खोलीचा भाव चढतो आणि घाटात मोटारींची रांग लागते. मे महिन्यात माळव्याचे ऊन चाळीस अंशांपलीकडे जाते. तेव्हा गर्दी ओसरते, खोल्या उतरत्या भावात मिळतात, पण तलाव आटलेले असतात आणि जहाज महालाचे जहाज कोरड्यावर बसलेले दिसते. उन्हाळ्यात जाणे भागच असेल तर खोलीत पाणी चोवीस तास असते का, हा प्रश्न पंख्याच्या व गारव्याच्या प्रश्नाआधी विचारावा. आमच्या मते शेतकरी कुटुंबाला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. तेव्हा रात्री थंडी पडते, म्हणून प्रत्येकास पांघरूण मिळेल की नाही हे पाहावे.

आता धारविषयी. धारला राहण्याचे कारण केवळ स्वस्ताई एवढेच समजू नये. ही भोजराजाची धारानगरी. होशंगशहाने राजधानी गडावर नेली त्यापूर्वी माळव्याचा कारभार येथूनच चाले. पुढे ती पवारांची गादी झाली, आणि त्यामुळे या शहरात मराठी नावे, मराठी स्वयंपाक, मराठी बोलणे आजही परके वाटत नाही. येथल्या किल्ल्यात १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पुणे दरबारच्या भांडणात राघोबादादा गुजरातेकडे पळालेले, आणि गर्भवती आनंदीबाईंना पवारांनी आपल्या किल्ल्यात ठेवून घेतलेले! मुक्कामाला जागा देणे म्हणजे कधी कधी केवढे मोठे राजकारण अंगावर घेणे असते, हे यावरून दिसते. शहरात लाट मशीद आहे, १४०५ सालची, आणि तिच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तुकडे पडलेले आहेत. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकाला ते चांगली जोड देतील. पैशाची ओढ असलेल्या कुटुंबाने धारला दोन रात्री काढून एक पूर्ण दिवस गडासाठी ठेवावा, पहाटेच निघावे, आणि दुपारी परतण्याऐवजी सावलीत विसावा घेऊन सूर्यास्तापूर्वी रूपमतीचा मंडप पाहूनच खाली यावे. मोटारवाल्याशी ही वेळ आधीच बोलून ठेवावी, नाही तर तो चार वाजल्यापासून भोंगा वाजवू लागतो.

देवासकडे वळू. मांडवगडासाठी देवासला राहणे हा शुद्ध वेडेपणा होय, कारण देवास इंदूरच्याही पलीकडे आहे. पण रेल्वेने येणाऱ्यांना ते शहर वाटेवर लागते. येथेही पवारच, आणि तेही दोन. तुकोजी व जिवाजी या दोघा भावांच्या दोन पात्या, थोरली व धाकटी, एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. १९४८ साली संस्थाने विलीन होईतो हा प्रकार चालला. थोरल्या पातीच्या महाराजांकडे ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली काही महिने चिटणीस म्हणून राहिला होता. त्याने पुढे १९५३ साली आपल्या आठवणी छापल्या. त्यांत नव्या राजवाड्याचे असे वर्णन आहे, की एकीकडे बांधकाम चालू आहे आणि दुसरीकडे बांधलेले ढासळत आहे. राजाचा पाहुणा म्हणून राहूनही गैरसोय चुकत नाही ती अशी. याच देवासला १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी आले, आणि १९९२ साली निधन होईपर्यंत तेथेच राहिले. हवा मानवणे हाही मुक्कामाचा एक निकष आहे. दमेकरी माणूस बरोबर असेल त्याने तो विसरू नये. देवासच्या टेकडीवर आमच्या हिंदु बांधवांची दोन देवीस्थाने आहेत, आणि नवरात्रात तेथे लोकांचा पूर लोटतो. त्या दिवसांत देवासमध्ये खोली मिळण्याची आशा धरू नये.

उदयनगर देवास जिल्ह्यातच असले तरी देवास शहराजवळ मुळीच नाही. ते डोंगर-जंगलाच्या मुलखात आहे, आणि तेथे जाण्याची सोयीची वाट इंदूरहून आहे. केरळात २९ जानेवारी १९५४ रोजी जन्मलेल्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या भगिनी राणी मारिया १९९२ साली येथे आल्या. भूमिहीन आदिवासी मजूर सावकारांच्या कचाट्यात पिचत होते. त्यांना त्यांनी बचतीचे व हक्काचे शिक्षण दिले, आणि तेच ज्यांना सहन झाले नाही त्यांनी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, नाचनबोरच्या डोंगराजवळ, भर उतारूंच्या देखत त्यांचा खून करविला. अंगावर चोपन्न जखमा होत्या. वय अवघे ४१. पुढे त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली; २००६ साली तो सुटला तेव्हा त्या घराने त्याला मुलासारखे आपले म्हटले. २०१६ साली राणी मारियांचे अवशेष उदयनगरच्या चर्चमध्ये हलविण्यात आले, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला कार्डिनल आंजेलो आमातो यांच्या हस्ते त्यांना धन्यवादित पद जाहीर झाले. इंदूरहून उदयनगरास जाणारा यात्रेकरू त्याच डोंगरातून जातो. मुलांना ही हकीकत वाटेत सांगावी की आधी घरी सांगावी, हे आईबापांनी ठरवावे. आमच्या मते घरीच सांगावी, म्हणजे त्या वळणावर मुले आपण होऊन गप्प बसतात.

येथे एका नाजूक गोष्टीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. आमच्यापैकी कित्येकांची अशी समजूत असते, की जेथे चर्च आहे, जेथे सिस्टरांचा मठ आहे, तेथे ख्रिस्ती माणसाला राहण्या-जेवण्याची चिंता नाही. न कळविता सात-आठ माणसे दारात जाऊन उभी राहतात, सिस्टर संकोचाने खोल्या रिकाम्या करून देतात, आणि निघताना देणगीच्या पेटीत एखादी नोट टाकली, की झाले! उदयनगरसारख्या गरीब आदिवासी भागातील मठ हा दवाखाना, शाळा व खेड्यांतील कामासाठी असतो. ती धर्मशाळा नव्हे. प्रभूच्या दाखल्यातील दयाळू समारितनी माणसानेसुद्धा जखमी वाटसरूला उताराघरात ठेविले ते दोन दीनार मोजून, आणि अधिक लागले तर परत येताना देईन असे सांगून. ज्याचे अगदीच अडले असेल, आजारपण असेल, त्याने अवश्य दार ठोठवावे. पण धडधाकट कुटुंबाने सहलीचे पैसे वाचविण्यासाठी मठाचा आसरा घेणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. उदयनगरची यात्रा इंदूरला मुक्काम ठेवून एका दिवसात सुखाने होते. तेथेच मिस्सा ऐकण्याची इच्छा असेल तर आधी तेथील धर्मगुरूंना कळवून वेळ विचारून घ्यावी. २५ फेब्रुवारीच्या सुमारास यात्रेकरूंची गर्दी असते. तेव्हा इंदूरची खोलीही आगाऊ ठरवावी.

यावरून सहलीचा क्रम आपोआप बसतो. मांडवगडावर रविवारी मिस्सा मिळेल असे गृहीत धरू नये. इंदूर हे धर्मप्रांताचे पीठ, तेथे कॅथेड्रल आहे, हिंदी मिस्सा आमच्या लोकांना सहज समजते. म्हणून रविवार इंदूरला काढावा आणि सोमवार ते गुरुवार यांपैकी दोन दिवस गडावर. शनिवार-रविवारची झुंबडही टळते, खोलीचा चढा भावही टळतो, आणि रविवारचे धर्मकर्तव्यही पार पडते. मुंबईकडील मंडळींनी मुंबई सेंट्रलहून रात्रीची अवंतिका एक्सप्रेस धरावी, ती सकाळी इंदूरला पोहोचविते. शुक्रवारी रात्री निघाल्यास शनिवारी विश्रांती, रविवारी सकाळी मिस्सा व लगेच उदयनगर, आणि सोमवारी धारमार्गे मांडवगड. नाशिक-नगरकडून मोटारीने येणाऱ्यांनी उलट करावे. धुळे, सेंधवा करीत खलघाटाला नर्मदा ओलांडली, की धामणोदहून मांडवगडाचा फाटा मिळतो. इंदूरपर्यंत जाऊन परत फिरण्याचे कारण नाही. त्यांनी गड आधी पाहावा आणि शेवटी इंदूर-उदयनगर.

खोली ठरविताना भ्रमणध्वनीवरील चित्रांवर विसंबू नये. जाहिरातीत मांडू असे नाव असते आणि प्रत्यक्षात घर गडाखाली नालछ्याच्या बाजूस किंवा धारच्या रस्त्यावर निघते. म्हणून दूरध्वनी करून सरळ विचारावे: आलमगीर दरवाजाच्या आत की बाहेर? जामी मशिदीपासून पायी किती मिनिटे? मुलांच्या जादा गादीचे किती? जेवण तेथेच मिळते की बाहेर जावे लागते, आणि रात्री किती वाजेपर्यंत? दाल-पानिये हे तिकडचे जेवण अवश्य चाखावे, पण ते करावयास वेळ लागतो, म्हणून दुपारीच सांगून ठेवावे. बेत मोडल्यास आगाऊ रकमेपैकी किती परत, हे तोंडी न ठेवता लिहून घ्यावे. प्रत्येक प्रौढ माणसाचे ओळखपत्र लागते. आजीचे आधार कार्ड घरच्या कपाटात राहिले म्हणून सारे कुटुंब दारात तिष्ठत बसल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. आणि नातवंडांच्या गडबडीत आजीला कोणत्या खोलीत, कोणाच्या सोबतीला ठेवावयाचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे. न्हाणीघर जवळ असलेली खोली तिची.